तसा तो कुणाला त्रास देत नाही हो, मॅडम

सांगलीत मानसोपचारासाठी माझ्याकडे मोठ्या झालेल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन जे आईवडील येतात, त्यांतले बरेच जण पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य बोलतात. व्यसन नाही, भांडणतंटा नाही, उलट उत्तर नाही. मग आणलंय कशासाठी? लग्न जमत नाही म्हणून, नाहीतर चांगली नोकरी सोडून घरी बसलाय म्हणून. आणि नीट विचारलं की कळतं, हे शाळेपासून असंच चाललंय. त्रास देत नाही म्हणून कुणी बघितलंच नाही.

असं वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा तो व्यक्तिमत्त्वविकार असू शकतो, म्हणजे विचार करण्या-वागण्याची घट्ट बसलेली, आयुष्य अडवणारी पद्धत. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर संतापी, फसवणारी, नाहीतर स्वतःला इजा करून घेणारी माणसं येतात. पण १९८० साली डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा या विकारांचे तीन गट पाडले गेले आणि त्यातला तिसरा गट चिंता आणि भीतीचा होता. आज त्यात तीन प्रकार धरतात. अव्हॉयडंट, म्हणजे नाकारले जाऊ या भीतीनं माणसं टाळणारा. डिपेंडंट, म्हणजे दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभंच राहता येणार नाही अशी खात्री असलेला. आणि ओसीपीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर), म्हणजे सगळं बिनचूक आणि आपल्याच पद्धतीनं व्हायला हवं, नाहीतर जीव थाऱ्यावर नसणारा. पहिल्या दोघांची भीती निदान दिसते तरी. तिसऱ्याची शिस्तीच्या आड असते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ओळखताना भीती किती दिसते हे बघू नका. त्या भीतीपायी माणसानं आयुष्यातलं काय काय सोडून दिलंय आणि त्याच्या वाटणीचं जगणं घरातलं कोण जगतंय, हे बघा. (खालच्या हकिकती कुणा एकाच्या नाहीत. दोन-तीन जणांच्या मिळून केल्यात, गावं आणि कामं बदललीत.)

अव्हॉयडंट माणूस मला स्वतः फोन करत नाही. आईचा किंवा बहिणीचा फोन येतो आणि एक विनंती ठरलेली असते, "गर्दी नसेल अशी वेळ द्या." आला तरी बाकावर बसत नाही, बाक रिकामा होईपर्यंत जिन्यात थांबतो.

असाच एक मुलगा. वय तिशीच्या पुढे, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. रसाचे नमुने, ब्रिक्स, पोल ही साखरेची मापं, सगळं तोंडपाठ, हंगामात रात्रपाळी मागून घेणारा. रात्री माणसं कमी असतात, म्हणून. दोनदा बढती आली, दोन्ही वेळा नको म्हणाला, कारण मग सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांसमोर उताऱ्याचे आकडे सांगावे लागले असते. डबा प्रयोगशाळेतच खायचा. मुलगी बघायला जायच्या दिवशी पोट बिघडायचं, आणि ते नाटक नव्हतं, खरंच बिघडायचं.

एकदा त्यानं मला मोबाईल दाखवला. बरोबरच्या एका मुलानं मेसेज केला होता, "रविवारी पन्हाळ्याला चाललोय, येतोस का?" मी विचारलं, जायचंय का? तो म्हणाला, "हो." अगदी लगेच म्हणाला. मग माझ्यासमोर त्यानं 'येतो' लिहिलं आणि पुसलं. 'किती वाजता' लिहिलं, पुसलं. 'बघतो' लिहिलं, तेही पुसलं. समोरच्याला आपण टाईप करतोय हे दिसत असेल, या विचारानं त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी 'काम आहे' असं पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. म्हणाला, "मी गेलो तर त्यांना कंटाळा येईल. ते बोलून दाखवणार नाहीत, पण पुढच्या वेळी विचारणार नाहीत."

त्यानं लगेच दिलेला तो 'हो' फार महत्त्वाचा आहे. काही माणसांना एकटंच बरं वाटतं, त्यांना पन्हाळ्याला जायचंच नसतं. त्यांचा प्रकार निराळा. अव्हॉयडंट माणसाला जायचं असतं, मनापासून जायचं असतं, आणि तरी तो जात नाही. मितभाषी माणसाशीही याची गल्लत करू नका. मितभाषी माणसाला दोन का होईना मित्र असतात आणि त्यांच्यात तो मोकळा असतो. सोशल अँक्झायटीशी, म्हणजे चारचौघांत वावरायच्या भीतीशी, मात्र याचं नातं जवळचं, इतकं की दोन्ही एकाच माणसात सापडणं नेहमीचं आहे. ढोबळ फरक सांगायचा तर भाषणाची किंवा मुलाखतीची भीती असलेला माणूस म्हणतो, "मला उगीच भीती वाटते." अव्हॉयडंट माणूस असं म्हणत नाही. त्याच्या लेखी ती भीती उगीच नसतेच, कारण आपण इतरांपेक्षा कमी आहोत ही त्याला वस्तुस्थिती वाटते. एखादा प्रसंग टाळून त्याचं भागत नाही. मैत्री, बढती, लग्न, नवा छंद, जिथे कुणी आपल्याला पारखेल ते सगळंच तो टाळतो. नियमावलीत याची सात लक्षणं आहेत आणि किमान चार असावी लागतात, पण घरच्यांनी मोजत बसू नये. तो काय करत नाही याची यादी डोक्यात करावी. ती यादी दरवर्षी वाढत असेल तर आमच्यासारख्यांकडे यावं.

हे सुरू कधी झालं, हा प्रश्न मी फार आधी विचारते. जमलं तर शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगते. पालकांना नवल वाटतं, पण वर्गशिक्षकांनी शेऱ्यात लिहिलेल्या दोन ओळी मला खूप सांगून जातात. व्यक्तिमत्त्वविकार ऐन तारुण्यात, बहुतेकदा त्याआधीपासूनच दिसायला लागतो आणि घरी, कामावर, मित्रांत सगळीकडे तसाच दिसतो. चाळिशीपर्यंत चारचौघांत वावरलेला माणूस अचानक दार लावून बसायला लागला, तर तो नैराश्यात असू शकतो, थायरॉईडचा त्रास असू शकतो, दारू सुरू झालेली असू शकते, कुणी त्याचा अपमान केलेला असू शकतो. तिथं व्यक्तिमत्त्वाकडे बोट दाखवणं म्हणजे खरं दुखणं हुकवणं. उलट बाजूनं, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला असलं लेबल लावायची घाई नको. अठराच्या आत हे निदान करायचंच झालं तर लक्षणं किमान एक वर्ष टिकून असावी लागतात, आणि तरीही मी हात आखडता घेते. या वयात मुलं बदलतात.

आता डिपेंडंट. यावर जरा तळमळीनं लिहिते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथं होतो.

एक गृहस्थ यायचे. मोटार रिवाइंडिंगचं दुकान, विहिरीच्या पंपांची कामं. हात असा की लांबलांबचे शेतकरी यांच्याकडेच मोटार घेऊन येणार. पण गिऱ्हाइकानं विचारलं, "तांब्याची वायर टाकायची का ॲल्युमिनियमची?" की यांना उत्तर माहीत असूनही हे फोन उचलून थोरल्या भावाला विचारणार. भाऊ शिक्षक, त्याला मोटारीतलं काही कळत नाही. तो म्हणायचा, "तुला बरं वाटेल ते कर." त्यावर यांना रात्रभर झोप नाही, दादा चिडला असेल का म्हणून. वाटणीच्या वेळी दुकानाची रस्त्याकडची बाजू भावाच्या नावावर गेली. आपल्यावर अन्याय होतोय हे यांना दिसत होतं, बायको कानीकपाळी ओरडत होती, तरी सही केली. "नाही म्हटलं असतं तर दादानं बोलणं टाकलं असतं." पुढे भावानं वैतागून फोन घेणं कमी केलं, तेव्हा दोन महिन्यांच्या आत यांनी नवा दादा शोधला, वायर पुरवणारा एक व्यापारी. तो सांगेल त्या दरानं माल, तो म्हणेल त्याला उधारी. बायको बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा दुकान बंदच होतं.

माझ्यासमोर त्यांचं दुखणं एका प्रश्नात दिसायचं. पुढची वेळ ठरवताना मी म्हणायची, सोमवार की मंगळवार? ते म्हणायचे, "तुम्हीच सांगा मॅडम." मी थांबायची. ते अस्वस्थ व्हायचे, घड्याळाकडे बघायचे, मग, "तुम्हाला काय सोयीचं?" दिवस निवडणं अवघड नव्हतं. आपण निवडला आणि मॅडमना तो आवडला नाही तर, हे अवघड होतं.

हे उदाहरण मुद्दाम पुरुषाचं घेतलं, कारण हा बायकांचा विकार असं समजलं जातं. आणि बायकांच्या बाबतीत मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. जिच्या नावावर बँकेत पैसे नाहीत, जिला माहेरी जायलाही परवानगी लागते, नवऱ्याविरुद्ध बोललं तर मार बसतो, ती बाई नवऱ्याचं सगळं ऐकते म्हणून तिला डिपेंडंट पर्सनॅलिटी आहे असं कुणी म्हणू नये. डॉक्टरांनीही म्हणू नये. नियमावलीतच स्पष्ट लिहिलंय, की विरोध केला तर खरोखर शिक्षा होईल अशी भीती लक्षणांत मोजायची नाही. तिची भीती खरी आहे आणि तिचा इलाज तिच्या मनात नाही, तिच्या घरात आहे. माझी साधी कसोटी अशी, की मोकळीक मिळाली तर काय होतं? तिला सुरक्षित जागा आणि हातात चार पैसे मिळाले की अशा कितीतरी बायका पाहता पाहता उभ्या राहतात. ज्याला हा विकार आहे तो मोकळीक मिळाल्यावर जास्त घाबरतो.

एकत्र कुटुंबात विचारून करणं ही रीत आहे, तो आजार नाही. मोठ्यांचा सल्ला घेणारा मुलगा सल्ला पटला नाही तर कुरकुरतो, मधूनच स्वतःच्या मनासारखं करतो. विकारात ते मधूनचंही उरत नाही. तसा हा प्रकार दुर्मीळच. अमेरिकेत २००१-०२ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत डिपेंडंट प्रकार अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळला, अव्हॉयडंट साधारण २.४ टक्के आणि ओसीपीडी ७.९ टक्के. आकडे त्यांच्याकडचे आहेत, जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण 'फारच परावलंबी आहे' असं आपण जितक्या जणांना म्हणतो, तितक्यांना हा विकार नसतो.

ओसीपीडीवाले स्वतःहून येतच नाहीत. त्यांची बायको येते, नाहीतर सून येते. "हे बघायला काही नाही, पण घरात श्वास कोंडतो." एक सरकारी लेखाधिकारी होते, मुलीचं लग्न तोंडावर. पत्रिकेचं प्रूफ त्यांनी छापखान्यातून इतक्या वेळा परत आणलं, की पत्रिका हातात आल्या तेव्हा लग्न आठवड्यावर आलं होतं. मजकुरातली चूक केव्हाच निघाली होती. नंतर दोन ओळींतलं अंतर, मग नावांचा क्रम, मग कागदाचा रंग. लांबच्या नातेवाइकांना पत्रिका पोचलीच नाही. मुलगी रडली तेव्हा ते म्हणाले, "मी तुझ्यासाठीच करत होतो." आणि ते खरंच होतं. त्यांचं प्रेम असंच व्यक्त व्हायचं, चूक राहू न देण्यातून. घरात कुणाला एक कपाट आवरू द्यायचे नाहीत, कारण ते नीट होणार नाही. जुन्या वायरी, रिकामे डबे, वीस वर्षांची बिलं टाकू द्यायचे नाहीत. सहलीचा दिवस यादी करण्यातच संपायचा.

ते एकदा आले, बायकोच्या तक्रारी कशा चुकीच्या आहेत हे दाखवायला. सोबत तारीखवार फाइल. बोलता बोलता एवढंच म्हणाले, "लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही. पण एक चूक राहिली ना, की छातीत असं काहीतरी होतं, काहीतरी वाईट होणार असं वाटतं." हा प्रकार भीतीच्या गटात का ठेवलाय, ते त्या वाक्यात आहे.

ओसीडी (मंत्रचळ) आणि ओसीपीडी नावानं सारखे वाटतात, पण वेगळे आहेत. ओसीडीचा रुग्ण चौथ्यांदा कुलूप बघायला जिना चढताना स्वतःच वैतागलेला असतो. हा विचार नको असताना घुसतो हे त्याला कळतं. ओसीपीडीच्या माणसाला आपलं बरोबरच वाटतं, बाकीचे गबाळे. म्हणून त्याला मदत मागावीशी वाटत नाही. काटेकोर असणं वेगळं. काटेकोर माणसाचं काम पूर्ण होतं, चांगलं होतं. इथं काटेकोरपणापायी कामच पूर्ण होत नाही.

हे वाचून कुणी घरातल्या माणसाला नाव चिकटवू नये, अशी कळकळीची विनंती. मोबाईलवरच्या वीस प्रश्नांच्या चाचणीतून तर मुळीच नको. खरं तर नावांचं महत्त्व आता कमीच होत चाललंय. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात अव्हॉयडंट, डिपेंडंट असे कप्पे नाहीत. विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते आधी ठरवायचं, मग त्याचा कल कुठं आहे ते लिहायचं: चिंता आणि कमीपणाकडे, अलिप्ततेकडे, का बिनचूकपणाच्या हट्टाकडे. मला हा बदल पटतो. प्रत्यक्षात माणसं मिसळलेलीच येतात. तो कारखान्यातला मुलगा नमुन्यांच्या नोंदी तीनतीनदा तपासायचा आणि प्रत्येक निर्णय आईला विचारायचा.

यावर थेट गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्यासाठी औषध देतात आणि त्याचा उपयोगही होतो. मुख्य काम मात्र बोलण्यातून आणि करण्यातून होतं, आणि ते सावकाश होतं, महिन्यांच्या हिशेबानं. त्या मुलाचं पहिलं काम होतं डबा घेऊन कॅन्टीनमध्ये बसायचं. बोलायचं नाही, फक्त बसायचं. वहीत दोन रकाने: काय होईल असं वाटतं, आणि काय झालं. पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'मी बसल्यावर ते गप्प होतील.' दुसऱ्यात, 'एकानं चटणी मागितली.' वही भरत गेली तसा पहिला रकाना हळूहळू आखूड होत गेला.

घरच्यांनाही काम असतं आणि ते जास्त जड जातं. या मुलाचे सगळे फोन आई करायची: बँकेत, दवाखान्यात, गाडीच्या गॅरेजला. तिची माया खरी होती, पण तिच्या प्रत्येक फोनागणिक आपल्याला हे जमणार नाही हे त्याला पुन्हा पटायचं. आम्ही एकएक फोन त्याच्याकडे वळवला. सगळे एकदम नाही. 'उद्यापासून तुझं तू बघ' असं एका रात्रीत करणाऱ्या घरात माणूस आणखी आत जातो. टोमणे, पाहुण्यांसमोर 'बोल की जरा' म्हणून ढकलणं, धाकट्या भावाशी तुलना, यातून आजवर कुणी बोलकं झालेलं मी पाहिलं नाही.

आपलं माणूस यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे या. निम्म्या केसेस अशाच सुरू होतात. निदान एमडी किंवा डीएनबी झालेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्या. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. एका भेटीत निदान सांगणाऱ्यापेक्षा दोन-तीन भेटी घेणारा, घरच्यांशी आणि स्वतः त्या माणसाशी वेगवेगळं बोलणारा बरा. जवळपास कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि गप्प राहणाऱ्या माणसानं 'माझ्यामुळे सगळ्यांना ओझं' किंवा 'मी नसलो तर बरं' असं एकदाही म्हटलं, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नका, त्याच दिवशी फोन करा. ही माणसं असलं दुसऱ्यांदा बोलून दाखवतीलच असं नाही.